बॅटवरची सही विकत घेण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो येतो. काचेच्या पेटीत ठेवलेली बॅट, तिच्यावर काळ्या शाईत सचिन तेंडुलकरची सही, शेजारी सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. किंमत काही हजार रुपये आणि खाली ओळ: 'शेवटचे दोनच नग, आज पैसे पाठवले तर कुरिअर मोफत.' यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठल्याही गावातल्या क्रिकेटवेड्या माणसाला असे संदेश आता नवे नाहीत. घेणारा बहुतेकदा संग्राहक नसतो. दहावी पास झालेल्या पोराला भेट द्यायला निघालेला बाप असतो, नाहीतर पहिल्या पगारातून हौस भागवणारा तरुण. त्याच्या पैशांसोबत त्याच्या प्रेमाचीही फसवणूक होते, म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

आधी एक नियम सांगतो, तपासणीच्या युक्त्या नंतर. सही कुठे झाली, कधी झाली, कोणासमोर झाली, हे विक्रेत्याला नेमकं सांगता येत नसेल, तर ती सही नाहीच असं धरून चाला. कोऱ्या बॅटचे जे पैसे द्याल तेवढेच द्या, एक रुपया जास्त नाही. एवढं पाळलं तरी बहुतेक नुकसान टळतं.

नियम इतका कडक का? नकली सही करणारे फार हुशार असू शकतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन' नावाची मोहीम चालवली. त्यात कॅलिफोर्नियातली एक टोळी सापडली. तिचा मुख्य हात ग्रेग मरिनो नावाचा माणूस होता. बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे, नट, राष्ट्राध्यक्ष, कोणाचीही सही तो करी, आणि त्या मालाला तज्ज्ञांची प्रमाणपत्रंही जोडलेली असत. जप्त मालात चक्क मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉल निघाला. अशा सराईत हाताची सही फोटो बघून तुम्ही-आम्ही ओळखू, ही आशा धरू नये. त्यानंतर २००१ पासून अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉल लीगने पद्धतच बदलली. सही होताना तिथे हजर असलेला साक्षीदार त्याच क्षणी वस्तूवर क्रमांकाचं होलोग्राम लावतो. सहीचा आकार बघून मत देणारा तज्ज्ञ आणि सही होताना बघणारा साक्षीदार यांत साक्षीदार मोठा, हा धडा त्यांनी महागात घेतला. आपल्याला तो फुकट मिळतो आहे.

सुदैवाने आपल्याकडे येणारा सगळा माल मरिनोच्या तोडीचा नसतो. बराचसा छापील असतो, आणि छापील सही पकडणं सोपं आहे. सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ते नसेल तर मोबाइलचा कॅमेरा अगदी जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करून बघा. छापलेल्या रेषेत बारीक रंगीत ठिपके दिसतात. पेनाची रेषा सलग असते. फोटोवरची सही असेल तर तो ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. फोटोच्या कागदाची चमक आणि वरच्या शाईची चमक वेगळी दिसली पाहिजे. दोन्ही एकजीव चमकत असतील तर सही फोटोसकट छापून आली आहे. बॉलपेनने कागदावर सही केली असेल तर मागच्या बाजूला बोटाला हलका उठाव लागतो. मार्करचा तसा लागत नाही, तेवढ्यावरून मार्करची सही खोटी ठरवू नका. रबरी शिक्क्याची सही असेल तर शाई रेषेच्या कडांना जमते आणि दाब सगळीकडे सारखा दिसतो.

छापील सह्यांमधला एक प्रकार फसवणुकीचा नाही, तरी त्यातून फसवणूक होते. बॅट बनवणाऱ्या कंपन्या मोठ्या खेळाडूच्या नावाची बॅट काढतात आणि तिच्यावर त्याच्या सहीचा ठसा उमटवतात. इंग्लंडच्या साइक्स कंपनीच्या जुन्या बॅटवर डॉन ब्रॅडमनच्या सहीचा असा ठसा असे. असली बॅट आजोबांच्या पेटाऱ्यात निघाली तर ती जुनी वस्तू म्हणून जपा. ब्रॅडमनने ती हातात घेतली होती असं मात्र कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. तीच कंपनी, तेच मॉडेल असलेल्या दुसऱ्या बॅटचा फोटो शोधा. सही त्याच जागी, त्याच मापात दिसली की उलगडा झाला.

हाताने काढलेल्या नकली सहीकडे वळू. खरी सही करणारा माणूस विचार करत नाही. हजारो वेळा केलेली हालचाल असते, हात कागदाला टेकण्याआधीच चालू झालेला असतो. त्यामुळे रेषेचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक निमुळतं होत जातं. नकली सही काढलेली असते, चित्र काढावं तशी. तिची टोकं बोथट असतात, वळणावर हात थबकल्याने शाईचा ठिपका साचतो, लांब रेषेत बारीक कंप येतो, मधेच पेन उचलून पुन्हा जोडल्याची गाठ दिसते. भिंगातून अक्षरं वाचू नका, रेषेचा वेग बघा. सही उलटी धरून बघणं हाही चांगला उपाय. नाव वाचता येत नाही, मग डोळा आपोआप आकाराकडे, उतारांकडे, दोन अक्षरांमधल्या अंतराकडे जातो.

तुलना करताना एकच नमुना घेऊन बसू नका. त्याच खेळाडूच्या, शक्यतो त्याच काळातल्या पाच-सहा खात्रीच्या सह्या समोर ठेवा. सोळा वर्षांच्या मुलाची सही आणि त्याचीच चाळिशीतली सही सारखी नसते. प्रसिद्धी वाढते तशी सही तुटक होत जाते. हॉटेलच्या टेबलावर बसून केलेली आणि मैदानाच्या जाळीतून हात घालून केलेली यांतही फरक पडतो. म्हणून थोडाफार फरक हे खोटेपणाचं लक्षण नाही. दोन सह्या तंतोतंत एकमेकींवर बसत असतील तर मात्र सावध व्हा. कोणताही माणूस दोनदा हुबेहूब तशीच सही करत नाही. विक्रेत्याच्या इतर वस्तूंचे फोटो मागवा. तीन बॅटवर तीच सही, तोच कोन, तीच लांबी दिसली तर तिन्ही एका साच्यातून आल्या.

आता माझ्या मते सर्वांत भरवशाची तपासणी. सहीकडे बघूच नका, वस्तूचं वय बघा. नकली माल करणारा सहीवर मेहनत घेतो, इतिहासावर घेत नाही.

पेनापासून सुरुवात करू. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आले १९४५ च्या सुमारास. आज ज्या मार्करने खेळाडू सह्या करतात तसला मार्कर अमेरिकेत आला १९६४ मध्ये. जेल पेन जपानमध्ये निघाले १९८४ साली. ही तीन सालं लक्षात ठेवा. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू भारताचे पहिले कसोटी कर्णधार. १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर त्यांनी संघ उतरवला. त्या दौऱ्याची म्हणून कोणी बॅट दाखवली आणि तिच्यावर ठसठशीत मार्करची सही असेल, तर ती त्या दौऱ्यातली असूच शकत नाही. विक्रेता म्हणेल, नंतर कधीतरी केली असेल. नायडू १९६७ मध्ये गेले. अमेरिकेत नुकताच आलेला मार्कर त्याआधी इंदूरला राहणाऱ्या नायडूंच्या हाती कसा आला, हे मग त्यानेच सांगावं. हेलसिंकीत १९५२ साली कुस्तीचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात गेले, म्हणजे जेल पेन जन्माला आलं त्याच वर्षी. खाशाबांची जेल पेनाने केलेली सही कोणी विकत असेल तर पुढे बोलण्याची गरज नाही.

कागदाचंही तसंच. दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा जुन्या वहीच्या पानावर धरा. कागद पांढरा दिसावा म्हणून घातली जाणारी रसायनं १९५० च्या आसपास वापरात आली, आणि ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९३० च्या दशकातलं म्हणून विकलं जाणारं पान ट्यूबलाइटसारखं उजळलं तर ते पान तेव्हाचं नाही.

बॅट आणि जर्सीवर तर सालं जवळपास छापलेलीच असतात. १९९६ च्या विश्वचषकात सचिनच्या बॅटवर कुठल्याही कंपनीचं स्टिकर नव्हतं. एमआरएफचं स्टिकर त्यानंतर आलं. 'कराचीतल्या १९८९ च्या पदार्पणातली बॅट' एमआरएफच्या स्टिकरसह आली तर समजून घ्या. भारतीय संघाची जर्सी २०११ मध्ये नाइकी बनवत होती, आदिदास आलं २०२३ मध्ये. 'वानखेडेवर २ एप्रिल २०११ ला घातलेली जर्सी' म्हणून आदिदासचे तीन पट्टे दाखवणारे महाभाग असू शकतात. कसोटीच्या पांढऱ्या शर्टावर पाठीमागे नाव आणि क्रमांक ऑगस्ट २०१९ पासून आले. सचिन नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त झाला. म्हणजे पाठीवर '१०' लिहिलेला कसोटीचा पांढरा शर्ट त्याने सामन्यात कधी घातलाच नाही. असा शर्ट कोणी नंतर बनवून त्याच्यावर सही घेतली असेल, हे शक्य आहे. पण 'सामन्यात वापरलेला' हा शब्द ऐकला की किंमत कित्येक पट होते, आणि नेमका तोच शब्द इथे खोटा ठरतो. आपल्या भागातलं एक साल लक्षात ठेवा: नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर पहिली कसोटी झाली नोव्हेंबर २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. २००४ ची कसोटी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर झाली होती. 'जामठ्याला २००४ साली घेतलेली सही' ही गोष्ट तिथेच संपते.

संघाच्या सह्यांची बॅट असेल तर नावांची यादी हाच पुरावा. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात १४ खेळाडू होते, आणि त्यांतला सुनील वॉल्सन एकही सामना खेळला नाही. बनावट बॅटवर म्हणूनच त्याचं नाव राहून गेलेलं असू शकतं. मोहम्मद अझरुद्दीनची सही त्याच बॅटवर असेल, आणि बॅट 'लॉर्ड्सच्या ड्रेसिंग रूममधली' असेल, तर हसून परत द्या. त्याचं कसोटी पदार्पणच १९८४ च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेल्या सामन्यातलं. २००७ च्या टी-२० विश्वविजेत्या संघात सचिन, द्रविड, गांगुली नव्हते. २०११ च्या विश्वविजेत्या संघात रोहित शर्मा नव्हता. विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आहे: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. पहिल्या दोन विजयांत वसीम जाफर होता, तो २०२० मध्ये निवृत्त झाला. करुण नायर आला तिसऱ्या विजयाच्या आधी. एकाच 'विजेत्या संघाच्या बॅटवर' दोघांच्याही सह्या असतील तर ती नेमकी कोणत्या विजयाची, हे विक्रेत्याने सांगावं. यासाठी भिंगसुद्धा लागत नाही. सामन्याचा धावफलक मोबाइलवर मिळतो.

अशा बॅटवर सह्यांची मांडणीही बोलते. खरी बॅट ड्रेसिंग रूममध्ये हातोहात फिरते. कोणी आडवी सही करतो, कोणी दोन नावांच्या फटीत कोंबतो, कोणाची घाईत अर्धवट राहते. मार्कर सगळ्यांनी एकच वापरला असेल, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण सगळ्या सह्यांचा उतार सारखा, अंतर सारखं, दाब सारखा असेल तर त्या एकाच हाताच्या आहेत.

वापरलेल्या बॅटवर आणखी एक गंमत बघता येते. जवसाचं तेल प्यायलेल्या विलोच्या लाकडावर शाई ग्रेनच्या रेषांना धरून किंचित पसरते. जुन्या बॅटला भेगा आणि ओरखडे असतात. शाई ओरखड्याच्या आत उतरलेली दिसली तर ओरखडा आधीचा आणि सही नंतरची. ओरखड्याने शाई कापलेली असेल तर सही आधीची. सांगितलेल्या गोष्टीशी हा क्रम जुळला पाहिजे. शतक झाल्यावर सही केली म्हणतात आणि चेंडूचे लाल डाग सहीच्या वर बसलेत, असं कसं होईल?

आता ते सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. कोणत्याही डीटीपीच्या दुकानात ते अर्ध्या तासात छापून मिळतं, होलोग्रामची चकती घाऊक बाजारात मिळते. मोठं नाव पाठीशी असलं तरी भुलू नका. बॉब डिलनच्या २०२२ च्या पुस्तकाच्या सहीच्या प्रती प्रकाशकाने सुमारे ६०० डॉलरला विकल्या, सोबत खरेपणाचं पत्र दिलं. सह्या यंत्राने केल्याचं उघड झालं, प्रकाशकाला पैसे परत करावे लागले आणि डिलनने माफी मागितली. प्रमाणपत्रावर तीन गोष्टी शोधा: सहीची तारीख, जागा आणि साक्षीदाराचं नाव. 'ही सही अस्सल असल्याची हमी देतो' एवढंच वाक्य असेल तर त्या कागदाला रद्दीचा भाव. क्रमांक असेल तर कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तपासा. कार्डावरचा क्यूआर कोड वापरू नका, तो विक्रेत्याच्याच बनावट पानावर नेऊ शकतो.

सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे खेळाडू तीच वस्तू हातात घेऊन सही करतानाचा फोटो. इथेही 'तीच' या शब्दावर अडून बसा. इंग्लिश विलोच्या ग्रेनच्या रेषा, गाठी, डाग प्रत्येक बॅटवर वेगळे असतात, बोटांच्या ठशांसारखे. फोटो मोठा करा आणि हातातल्या बॅटच्या रेषा मोजून जुळवा. सहा रेषांच्या बॅटवर सही करतानाचा फोटो दाखवून दहा रेषांची बॅट विकली जात असेल तर ते इथेच पकडलं जातं. फोटोत बॅटची पाठ दिसते आणि सही समोरच्या बाजूला आहे, असंही होतं.

शंका उरलीच तर जाणकाराला दाखवून घ्या. यवतमाळ जिल्ह्यात या कामाचं दुकान नाही, पण पुण्याच्या 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' या क्रिकेट संग्रहालयात खेळाडूंनी दिलेल्या बॅट आणि जर्सी मांडलेल्या आहेत. पुण्याला जाणं झालं तर बघून या. तासभर खऱ्या वस्तूंसमोर उभं राहिलं की नकली रेषेचा संथपणा पुढे चटकन डोळ्यांत येतो.

पैसे द्यायची वेळ आली तर दुकानदाराकडून पक्कं बिल घ्या, आणि त्यावर 'अमुक खेळाडूच्या हस्ते केलेली सही, खोटी निघाल्यास पूर्ण रक्कम परत' असं लिहून घ्या. लिहायला का-कू करणाऱ्याचा माल घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं, फोटो, यूपीआयची नोंद जपून ठेवा. ऑनलाइन पैसे भरले आणि लगेच फसवणूक लक्षात आली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच गोठण्याची शक्यता जास्त. व्यापाऱ्याने विकलेली सही नंतर खोटी ठरली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. विक्रेता मुंबईचा किंवा दिल्लीचा असला तरी तक्रार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल होते, कारण हा कायदा तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्याला मान देतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून घ्या. विक्रेता व्यापारी नसून खाजगी माणूस असेल तर मात्र पोलीस ठाणं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे.

घरात आधीपासून असलेल्या सह्यांबद्दल थोडं. यवतमाळात १९७३ आणि २०१९ अशी दोन साहित्य संमेलनं झाली, स्वाक्षऱ्यांच्या वह्या अनेक घरांत असतील. त्यांत लेखकांच्या मधे एखाद्या खेळाडूचंही पान असू शकतं. ते पान लॅमिनेट करू नका, त्याला चिकटपट्टी लावू नका, भिंतीवर उन्हात टांगू नका. आजोबांना ती सही कुठे मिळाली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वेगळ्या कागदावर तारखेसकट लिहून वहीत ठेवा. पुढे कधी खरेपणाचा प्रश्न निघाला तर तो कागद भिंगापेक्षा उपयोगी पडेल.

नवी सही हवी असेल तर विकत घेण्याऐवजी मागून घ्या. जामठा यवतमाळहून दीडशे किलोमीटरच्या आत. रणजीच्या सामन्यांना गर्दी कमी असते, खेळाडू सीमारेषेजवळ भेटतात, प्रेमाने सहीही देतात. काळा किंवा निळा कायम टिकणारा मार्कर न्या, जेल पेन नको. बॅट तेल न लावलेली असू द्या. सोबतच्या माणसाला व्हिडिओ काढायला सांगा, त्यात बॅट पूर्ण दिसली पाहिजे.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या क्रीडा मंडळांना एक विनंती. मालिकावीराला किंवा मदतनिधीच्या लिलावात बाहेरून आणलेली, ठिकाण-तारीख नसलेली 'सहीची बॅट' देऊ नका. ती खोटी निघाली तर मंडळाचं नाव जातं. यवतमाळचा आकाश चिकटे भारताच्या हॉकी संघाचा गोलरक्षक होता, २०१७ चा आशिया चषक जिंकणाऱ्या संघात होता. विदर्भाचे रणजीविजेते खेळाडू नागपूरच्या अंतरावर आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलवा, व्यासपीठावर सगळ्यांसमोर सही घ्या, आणि त्या सहीवर साक्षीदार म्हणून पूर्ण मैदान असू द्या.